पदरावरचे रान

मराठी माणसाला समीक्षेची हौस दांडगी. कादंबरी आली की तिच्यावर परीक्षण येते, नाटक लागले की तिसऱ्या प्रयोगाच्या आत त्याचे गुणदोष चव्हाट्यावर मांडले जातात, आणि गाण्याच्या बैठकीतून उठलेला श्रोता वहाणा शोधताशोधताच गवयाच्या मध्यमाबद्दल कुरकुर सुरू करतो. परंतु ज्या कलेवर मध्यमवर्गीय कुटुंब दर दिवाळीला हात सैल सोडून पैसे खर्च करते, जी कला आपण अंगावर वागवतो, खिडकीला टांगतो, अंथरतो, पांघरतो आणि शेवटी जिची पायपुसणी करतो, तिच्यावर कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ही कला म्हणजे छापील कापडावरची नक्षी. ‘छान आहे हो’ आणि ‘तुमच्या रंगाला खुलते’ या दोन वाक्यांत तिची सारी समीक्षा आटोपते.

मी चित्रकार नव्हे. शिक्षण मॅट्रिकपुरते, दिवसा शाळेत मुलांना शिकवते आणि रात्री सवड मिळेल तशी कादंबरी लिहिते. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच की, गोष्टी लिहिणाऱ्याला एक सवय जडते: काय सांगावे यापेक्षा काय गाळावे याचा विचार त्याला अधिक करावा लागतो. छापील नक्षीकडे मी त्याच नजरेने पाहते. आणि पाहण्याची सोय मुंबईच्या उपनगरांत उत्तम आहे. बोरिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात जितकी फुले फुललेली असतात, तितकी राणीच्या बागेतही एका वेळी सापडणार नाहीत. तिकीट एकच, शिवाय प्रदर्शन चालते.

या प्रदर्शनात काय काय मांडलेले असते? गुलाब सर्वांत अधिक. त्याच्या खालोखाल विलायती ट्यूलिप, जपानी चेरीचा बहर, आणि अलीकडे ते एक मोठे फटी पडलेले पान, ज्याचे मूळ घर मध्य अमेरिकेच्या जंगलात आहे. डब्यातल्या बायका मात्र दहिसरच्या, कांदिवलीच्या, मालाडच्या. गाडीच्या खिडकीबाहेर खाडीच्या बाजूला तिवर उभे आहेत, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात, रुळांच्या कडेला घाणेरी आणि रुई माजली आहे. यांतले एकही पान डब्यात आत आलेले नाही. परक्या फुलांचे मला वावडे नाही. गुलाबही कधीकाळी बाहेरूनच आला. माझी शंका वेगळी आहे. हा गुलाब ज्याने काढला, त्याने तो काढण्यापूर्वी गुलाबाचे झाड पाहिले होते काय?

आपली भाषा या बाबतीत फार बोलकी आहे. नक्षीला आपण ‘वेलबुट्टी’ म्हणतो. काठांची नावे घ्या: नारळी, रुईफुली. पैठणीच्या पदरावर आसावली, मुनिया, बांगडीमोर, अजिंठ्याचे कमळ. हे बहुतेक शब्द विणकरांचे. पण ठशांनी कापड छापणाऱ्या भावसार-रंगाऱ्यांच्या घरातही याच कुळीची पाने-फुले नांदत होती. या साऱ्यांत मला ‘कोयरी’ विशेष वाटते. हा आकार काश्मिरी शालींवरून युरोपात गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला पेझ्ली या स्कॉटलंडमधल्या, शाली विणणाऱ्या गावाचे नाव दिले. कोणी त्यात सुरूचे वाकलेले झाड पाहतो, कोणी ज्योत पाहतो. आपल्या बायकांनी त्यात कैरीच पाहिली. खरे तर कोयरीएवढी डौलदार मान कुठल्याही आंब्याला नसते. म्हणजे ती कैरीची नक्कल नव्हे. कैरी मनात मुरल्यानंतर उरलेला तो आकार आहे. निसर्गावरून नक्षी करणे म्हणजे काय, याचा इतका थोडक्यात धडा दुसरीकडे मिळायचा नाही.

हाच धडा आपल्या शाळांतल्या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांनी तीन शब्दांत बांधून ठेवला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसलेली पुष्कळ मंडळी वाचकांत असतील. त्यांना ‘वस्तुचित्र’, ‘स्मरणचित्र’ आणि ‘संकल्पचित्र’ हे विषय आठवत असतील. इंग्रजीतल्या ‘डिझाइन’ला संकल्पचित्र हा प्रतिशब्द ज्याने दिला त्याला मी मनोमन नमस्कार करते. परीक्षेत हे तीन विषय वेगवेगळे असतात. मला मात्र ते एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या वाटतात. आधी वस्तू समोर ठेवून पाहायची. मग ती दूर सारायची आणि आठवणीत काय उरले ते तपासायचे. आणि त्या उरलेल्यातून कापडासाठी काय घ्यायचे याचा संकल्प सोडायचा. पाहणे, विसरणे आणि ठरवणे. छापील नक्षीचे बरेवाईट मी याच तीन पायऱ्यांवर जोखते, आणि हीच या लेखाची फुटपट्टी आहे.

पहिली पायरी पाहण्याची. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या पद्मपाणीचे कौतुक सर्वांनी केले. पण ज्याला कापडावर नक्षी करायची आहे त्याने तिथे मान वर करावी. छताचे चौकोन पाडून त्यांत कमळे, फळे आणि पाखरे बसवली आहेत. कमळ कोपऱ्यात शिरायला हवे म्हणून त्याचा देठ वाकवला आहे, पान मुडपले आहे. तथापि ते कमळच राहिले आहे, कारण देठ कुठवर वाकतो हे काढणाऱ्याला ठाऊक होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेत होते. त्यांतल्या अनेक प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण त्या निमित्ताने आपल्याकडच्या तरुण चित्रकारांच्या हाताला या छतांचे वळण लागले, हा लाभ कुठल्या आगीत जळण्यासारखा नव्हता.

पाहण्याच्या बाबतीत परदेशातले एक उदाहरण द्यायला हवे. विल्यम मॉरिस हा इंग्रज कवी आणि नक्षीकार. त्याच्या बागेत कस्तुर जातीचे पक्षी जाळीखाली शिरून स्ट्रॉबेरी पळवीत. माळ्याला त्यांचा राग येई, मॉरिसला कौतुक वाटे. १८८३ साली त्याने या चोरांची नक्षी केली: समोरासमोर दोन पक्षी, चोचीत फळ, भोवती पानाफुलांचे जाळे. कापड आधी निळीत बुडवायचे, मग जिथे हवा तिथला निळा रंग काढून टाकायचा, मग लाल-पिवळे ठसे उठवायचे. फार वेळखाऊ आणि महागडी छपाई. तरीही ही नक्षी खपली आणि आजवर छापली जाते आहे. त्या पक्ष्यांच्या मानेच्या रोखात चोराची सावधगिरी आहे. ती कोणत्याही नमुन्याच्या वहीतून घेता येत नाही. तिच्यासाठी सकाळी बागेतच उभे राहावे लागते.

दुसरी पायरी विसरण्याची, आणि ती सर्वांत अवघड. इथे मला आपल्याच एका चित्रकाराचे नाव घ्यावेसे वाटते. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली कुलाबा जिल्ह्यातल्या नागावचा. जे. जे. मधून शिकून बाहेर पडल्यावर १९६१ पासून सुमारे दोन दशके त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, आधी वाराणसीला आणि नंतर मुंबईला. हातमागाच्या विणकरांना आणि छपाई करणाऱ्यांना नवी नक्षी पुरवावी म्हणून १९५६ साली ही केंद्रे सुरू झाली. पुपुल जयकर यांचा त्यात पुढाकार होता. के. जी. सुब्रमण्यन आणि अकोल्याचे अंबादास यांच्यासारखे चित्रकारही तिथे काम करून गेले. पोटासाठी कापडाची नक्षी आणि मनासाठी चित्रे, असे बरव्यांचे दुहेरी जिणे होते असे पुष्कळांना वाटते. मला ते दुहेरी वाटत नाही. त्यांच्या चित्रांतले पान पाहा, शिंपला पाहा. पानाच्या पन्नास शिरांतल्या पंचेचाळीस गळाल्या आहेत, आणि राहिलेल्या पाचांनी पान अधिक पान झाले आहे. भोवती मोकळी जागा आहे आणि तीही नुसती रिकामी नाही. आपल्या ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० सालच्या पुस्तकात बरव्यांनी आपल्या चित्रविचाराची उकल मराठीतच केली आहे; ज्याला साडीवरच्या दोन बुट्ट्यांमधल्या अंतराचे कोडे पडले असेल त्याने ते पुस्तक अवश्य वाचावे.

तिसरी पायरी संकल्पाची, आणि तिथे कलावंताला हत्याराशी बोलणी करावी लागतात. जुना ठसा सागाच्या लाकडाचा. तो हातात मावेल एवढाच असणार, म्हणून बुट्टीही तळहाताएवढीच. एका रंगाला एक ठसा, त्यामुळे रंग मोजके. पुढे स्क्रीनची छपाई आली. लांबच लांब टेबलावर कापड ताणायचे आणि चौकटीत बसवलेल्या जाळीतून एकेक रंग खाली दाबायचा. नक्षीकार कागदावर रंगाने चित्र काढी. मग दुसरा माणूस काच-टेबलावर बसून त्यातला प्रत्येक रंग वेगळ्या पारदर्शक कागदावर काळ्या शाईने उतरवून घेई. आठ रंग म्हणजे आठ कागद, आठ जाळ्या आणि आठ जाळ्यांचा खर्च. साहजिकच सातव्या रंगाला मालक कपाळाला आठ्या घाली. हॉलंडच्या स्टॉर्क कंपनीने १९६३ साली गोल फिरत्या जाळ्यांचे यंत्र आणले आणि छपाईचा वेग कितीतरी वाढला. पण त्या जाळीचा नेहमीचा घेर ६४ सेंटिमीटर, म्हणून नक्षीला दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा पहिल्या पानावर यावेच लागे. वेल कुठे संपली आणि पुन्हा कुठे सुरू झाली हे कोणाला कळू नये, यातच नक्षीकाराची खरी कसोटी. त्यासाठी तो चित्राचा कागद मधोमध कापी, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवी, आणि मधे उघडी पडलेली फट नव्या पानाफुलांनी भरून काढी. शिवाय दुसरी रांग अर्ध्याने खाली सरकवी. गवंडी जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाही तसे.

या साऱ्या अडचणी होत्या, आणि मजा अशी की यांतली प्रत्येक अडचण नक्षीकाराला गाळायला शिकवीत होती. रंग परवडत नाहीत म्हणून तो रंग गाळी. जागा पुरत नाही म्हणून शिरा गाळी. त्याच्या अंगी संयम नसला तरी खिसा त्याला संयम लावी.

इथे एक इशारा द्यायला हवा. हाताचे ते सोन्याचे आणि यंत्राचे ते पितळी, असा सूर आपल्याकडे लवकर लागतो. तो बेसूर आहे. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून त्यांचे संच विलायतेतल्या कापड-शहरांना वाटले. हेतू हा की, तिथल्या गिरण्यांनी इथल्या पसंतीचे कापड तयार करून इथे विकावे. कापडाच्या धंद्यात नक्कल किती जुनी आणि किती संघटित आहे, हे यावरून कळेल. आपल्या गिरण्यांनीही विलायती नमुन्यांवरून गुलाबाचे ताटवेच्या ताटवे छापले, आणि ते सारे हाताने काढलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उतरणीला लागले आणि हळूहळू ते भोंगे, त्या चाळी आणि त्यांबरोबर पुष्कळ कसबी हातही विखुरले, याचे दुःख मला आहे. पण त्या काळातली प्रत्येक नक्षी अस्सल होती असे म्हणणे म्हणजे दुःखाला खोट्या आठवणीचा टेकू देणे होय.

आता संगणकाकडे येऊ. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा छपाईखान्यात बसून दोन दुपारी मी हे काम पाहिले. तिथे नक्षी करणारी मुलगी पंचविशीची. तिच्या वहीत जास्वंदीची पेन्सिलीची चित्रे होती: कळी, अर्धे उमललेले फूल, मागून दिसणारे फूल, गळून पडलेले आणि मिटलेले फूल. हे कागद तिने यंत्रात घालून संगणकावर घेतले. पडद्यावर एकेक फूल वेगळे केले, कागदाचा मळकटपणा पुसला, आणि पुन्हा तेच केले जे तो जुना नक्षीकार करीत असे: चित्र चार तुकड्यांत कापले, कडा मधे आणल्या आणि मधली फट नव्या पानांनी भरली. कात्री गेली, पण कापणे राहिले. मग तिने तीच नक्षी लाल जमिनीवर, शेवाळी जमिनीवर आणि पांढऱ्या जमिनीवर दाखवली, चहा निवायच्या आत. जुन्या पद्धतीत याला दोन दिवस लागले असते.

छपाईसुद्धा पाहण्यासारखी. सुती कापडाला आधी सोडा, युरिया आणि समुद्रशैवालापासून केलेला एक चिकट लेप देऊन वाळवतात. मग यंत्राची मुंडी कापडावरून येरझारा घालते आणि शाईचे अतिसूक्ष्म थेंब सोडते. छापून बाहेर आलेले कापड दिसते मरगळलेले, जणू उन्हात विटलेले. ते वाफेच्या पेटीत जाते, रंगाची धाग्याशी गाठ पक्की होते, आणि धुऊन निघाले की जास्वंद खरोखर जास्वंदीसारखी लाल होते. ना ठसा, ना जाळी, ना रंगांची गणती. पूर्वी शेकडो मीटर छापल्यावाचून जाळीचा खर्च निघत नसे. आता कोणी एक मीटर मागितले तरी मिळते. मुलुंडमधल्या एखाद्या गृहिणीने परसातल्या गोकर्णीची नक्षी काढली आणि तिला त्याच्या दोनच ओढण्या छापून हव्या असल्या, तरी तिला गिरणीमालकाचे पाय धरायला नकोत. हा लहान लाभ नव्हे.

मग तक्रार कुठे आहे? संगणकाने अडचणी दूर केल्या, आणि त्या अडचणींबरोबर गाळण्याची सक्तीही गेली. आता खिसा संयम लावीत नाही; तो स्वतःच बाळगावा लागतो. आणि तो बाळगणारे थोडे. म्हणून आजच्या छापील फुलांत तीन दोष वारंवार दिसतात, आणि गंमत म्हणजे ते आपल्या तीन पायऱ्यांचेच आहेत.

पहिल्या पायरीचा दोष न पाहण्याचा. विकत किंवा फुकट मिळणाऱ्या तयार चित्रांच्या ढिगातून फूल उचलायचे आणि कापडावर डकवायचे. याचा नमुना म्हणून रोहित पक्षी घ्या. ठाण्याच्या खाडीत, मुलुंड-भांडुपच्या अंगाला, दर हिवाळ्यात हजारोंनी रोहित उतरतात. २०१५ साली तिथे त्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली या पाणथळ जागेला रामसर यादीत स्थान मिळाले. घाटकोपरच्या बाजारात रोहित छापलेले कुडते आणि पडदे मी पुष्कळ पाहिले. त्या सर्वांवर रोहित उभा आहे तो ताडाच्या झावळ्यांत, एखाद्या परदेशी हॉटेलच्या जाहिरातीत उभा असावा तसा. आपला रोहित उभा असतो करड्या चिखलात. त्याच्या मागे तिवरांची गर्द ओळ असते, चिखलातून तिवरांची श्वासमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, आणि त्या उभ्या काड्यांच्या गर्दीत त्याचे पाय हरवून जातात. मान खाली घातली की तिचा होणारा बाक आणि त्या हजार उभ्या रेषा: केवढी नक्षी तिथे आयती पसरली आहे! शिवाय करड्यावर फिका गुलाबी, हा मेळ आपल्याकडच्या सावळ्या वर्णाला किती शोभेल. परंतु लोकलने वीस मिनिटांवरचा चिखल पाहायला कोणी जात नाही आणि सात समुद्रांपलीकडचा ताड पडद्यावर आपसूक उगवतो.

दुसऱ्या पायरीचा दोष न विसरण्याचा. संगणक फोटोतले सारे जसेच्या तसे उचलतो: पाकळीवरचा दव, दवावरची चकाकी, पानावरची किडीची भोकेसुद्धा. अशी साडी दुकानात डोळे दिपवते. पण साडी भिंतीवर लावायची नसते. ती निऱ्यांत दुमडते, खांद्यावरून उतरते, चालताना हलते. फोटोतल्या फुलावर उजेड एका बाजूने पडलेला असतो आणि निरीवर दुसऱ्या बाजूने पडतो. या दोन उजेडांचे भांडण होते आणि नेसणारी मधल्या मधे विस्कटलेली दिसते. सपाट, मोजक्या रेषांचे फूल निरीत दुमडले तरी फूल राहते. जुन्या नक्षीकारांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. रंग परवडत नव्हते म्हणून ते आपोआप कळले.

तिसऱ्या पायरीचा दोष संकल्पाचा. हाती आलेला आकार कुठे बसवावा याचा विचारच न करणे. वारली चित्रांचे यात जे हाल झाले ते पाहवत नाहीत. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. वारली चित्रातला तारपा-नाच हा गोल फिरत आत जाणारा आहे. मधे तारपा वाजवणारा असतो आणि साऱ्या नाचणाऱ्यांचे भान त्याच्याकडे लागलेले असते. चादरीवर तोच नाच छापताना मधला वाजवणारा कापला जातो, वर्तुळाचा चतकोर तुकडा उशीच्या अभ्र्यावर येतो, आणि नाचणारे कोणाच्या तालावर नाचत आहेत हे त्यांनाही कळत नाही. वारल्यांचे पाडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आहेत. त्यांच्यातल्याच एखाद्याला शेजारी बसवून ही चादर आखली असती, तर नाच कुठे तोडावा आणि कुठे तोडू नये हे त्याने बोट दाखवून सांगितले असते.

अलीकडे याच्याही पुढची मजल गाठली गेली आहे. संगणकाला नुसते शब्द सांगायचे, ‘निळी रानफुले, पावसाळी रंग’, की क्षणात वीस नक्ष्या हजर. त्या वाईट नसतात. पण आजवर इतरांनी काढलेल्या लाखो चित्रांचा तो अर्क असतो. त्यात सर्वांचे थोडेथोडे असते आणि एकाचेही पुरते नसते. कादंबरीच्या धंद्यातही असे लेखक असतात, आम्ही त्यांना ओळखतो. त्यांच्या पुस्तकात पाऊस पडतो तेव्हा तो दुसऱ्यांच्या पुस्तकांतला असतो.

दोषच सांगून थांबणे समीक्षकाला शोभत नाही. म्हणून एक उदाहरण मांडते. कारवी. राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर ही झुडपे दाट वाढतात. सात वर्षे नुसती पाने. आठव्या वर्षी पावसाच्या शेवटी सारे डोंगर एकदम निळे-जांभळे होतात, मग बी धरते आणि झाड वाळून जाते. आपल्या उद्यानात हा बहर २०१६ साली आला आणि नंतर २०२४ साली. आता हिची नक्षी करायची तर काय घ्यावे? फोटोवाला जांभळ्या फुलांचा गालिचा घेईल, आणि तो लॅव्हेंडरच्या विलायती शेतासारखा दिसेल. पण जो झुडपापुढे बसेल त्याला दिसेल की फुलापेक्षा कळीचा दांडा अधिक कारवीचा आहे: एकावर एक बसलेल्या हिरव्या पानखवल्या, वेणीसारख्या घट्ट, आणि त्यांतून इथे एक तिथे एक बाहेर पडलेले कर्ण्यासारखे फूल. पान मोठे, खरखरीत, कडांना बारीक दाते, शिरा ठसठशीत. काठ्या सरळ, याच काठ्यांचे कूड करून त्यावर माती लिंपण्याची रीत आहे. मग काठाला त्या उभ्या काठ्या द्याव्यात, अंगभर नुसती पाने ठेवावीत, हिरव्यावर हिरवी, आणि फूल कुठेही देऊ नये. सात वर्षे अशी सोसून झाल्यावर पदरावर एकदम सारा बहर उघडावा. साडीला काठ, अंग आणि पदर हे तीन भाग आहेत; कारवीच्या आयुष्यालाही तेच आहेत. हा संकल्प झाला. आणि हे काम ठशाने किंवा गोल जाळीने साधणे कठीण, कारण तिथे दर ६४ सेंटिमीटरला बहर यावा लागेल. संगणकाला मात्र पुनरावृत्तीचे बंधन नाही. साडेपाच मीटरभर तो न फुलता राहू शकतो. म्हणजे जे यंत्र आज आपण गुलाब डकवायला वापरतो, त्याची खरी ताकद आठ वर्षे वाट पाहणाऱ्या झाडाला न्याय देण्याची आहे. ती अजून कोणी पुरती वापरलेली मला दिसलेली नाही.

दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध केले आणि महिन्यामहिन्याने झाडे कशी बदलतात हे पाहायला मराठी वाचकाला शिकवले. तसे काम कापडावर व्हायचे राहिले आहे. सामग्रीची वाण नाही. राज्यपुष्प म्हणून ताम्हणाचा मान आहे. त्याच्या चुरगळलेल्या जांभळ्या पाकळ्या उपनगरांतल्या रस्त्यांच्या कडेलाही उन्हाळ्यात उमलतात. कान्हेरीच्या लेण्यांत दगडी कमळे आहेत. जुहूला एस. एन. डी. टी. विद्यापीठात, आणि इतरत्रही, कापडाची नक्षी शिकणाऱ्या मुली आहेत. यंत्रे आहेत, गिऱ्हाईक आहे. कमी आहे ती पहिल्या पायरीची, आणि तिची सुरुवात शाळेतच होते. मुलांना ‘फूल काढा’ म्हटले की चाळीस वह्यांत पाच पाकळ्यांचे तेच एक गोल फूल येते. एकदा शाळेच्या फाटकाजवळची सदाफुली तोडून प्रत्येकाच्या बाकावर ठेवली, आणि तासाच्या शेवटी एक मुलगा म्हणाला, ‘बाई, हिच्या पाकळ्या सरळ नाहीत, सगळ्या एकाच बाजूला कलल्या आहेत, पंख्यासारख्या.’ सदाफुलीला पाकळ्या पाचच, पण त्या दिवसानंतर त्याने पुन्हा ते गोल फूल काढले नाही. चित्रकलेचा तास हा गणिताच्या शिक्षकांनी उसना घेण्याचा तास, असे जोवर शाळांत चालेल तोवर आपल्या साड्यांवर परक्यांचीच बाग फुलणार.

गिऱ्हाइकाचाही यात वाटा आहे. दिवाळीची खरेदी करताना भाव आणि पोत पाहावाच. त्याबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात. एक, हे फूल ओळखू येते काय, निदान त्याचे पान त्याचेच आहे काय? दोन, कापडाला चार निऱ्या घालून पाहिल्या तर नक्षी टिकते काय? तीन, दोन फुलांमधली जागा काही बोलते काय, की भीतीपोटी भरून टाकली आहे? दुकानदार क्षणभर चमत्कारिक नजरेने पाहील. पण चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्याला तो स्वतःच सांगू लागेल, आणि पुढच्या खेपेला नक्षीकाराला विचारील. बाजारातली समीक्षा ही अशीच चालते, आणि छापील समीक्षेपेक्षा ती लवकर फळते.

कारवीचा पुढचा बहर हिशेबाने २०३२ साली यायचा आहे. तोवर कोणा मुलीने उद्यानातल्या त्या नुसत्या हिरव्या झुडपापुढे चार पावसाळे वही घेऊन बसावे. फुले नाहीत म्हणून परत फिरू नये. तिची साडी निघाली की पहिले गिऱ्हाईक मी.